आई-बाबा, कुपवाडला खोली घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा 'बरं' म्हणून फोन आईकडे देतात, आई 'जेवलीस का' विचारते आणि खरं बोलायचं राहून जातं. पुण्याची नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झालाय, तेव्हा आता 'पुन्हा विचार कर' म्हणू नका. एक तारखेपासून कुपवाड एमआयडीसीत सीनियर मॅडमच्या युनिटला लागतेय. काम हळदीचं.

हो बाबा, हळदीचंच. पोरीनं पोती, सौदे, अडत्याचे हिशेब यातून सुटावं म्हणून तुम्ही मला केमिकलला घातलंत. 2005 च्या पुरात आबांच्या पेवाचं, जमिनीखालच्या त्या हळदीच्या कोठाराचं, काय झालं तेही माझ्या डोक्यात आहे. पण मी सौद्यात उभी राहणार नाही. शंभर किलो हळदीत कुरकुमीन, म्हणजे तिचा पिवळा रंग देणारा घटक, असतं जेमतेम तीन-चार किलो. तेवढं काढून द्यायचं, एवढंच काम. पगार सुरुवातीला थोडा कमी आहे. लग्नाच्या नावानं ठेवलेल्या एफडीला हात लावलेला नाही, आई.

पुण्यात आम्ही अर्क काढायला हेक्झेन वापरायचो. ते पेट्रोलियममधून निघतं, 69 अंशाला उकळतं, तेल झटपट ओढून घेतं आणि स्वस्त पडतं. मालात ते किती उरावं याला नियम आहेत. अमेरिकेत मसाल्याच्या अर्कात दहा लाख भागांत 25 भागांच्या वर चालत नाही. म्हणजे खाणाऱ्याची काळजी घेतली जाते. यंत्रापाशी उभं राहणाऱ्याच्या नाकात जाणारी वाफ मात्र वर्षानुवर्षं घेतली तर हातापायांच्या नसा धरते. मला काही झालेलं नाही, तपासण्या करून घेतल्यात, रिपोर्ट दाखवीन. रडत बसू नकोस.

इथं इथेनॉल आहे. आई, हळद पाण्यात टाकली तर तळाशी बसते आणि फोडणीत टाकली तर तेल पिवळं होतं, हे तू मला ओट्यावर बसवून दाखवायचीस. मी अजून तेच करतेय. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ उतरत नाही, इथेनॉलमध्ये उतरतं. मग इथेनॉल उडवायचं, वाफ थंड करून परत तेच वापरायचं. साध्या दाबाला 78 अंश लागतात, दाब कमी केला की त्याच्याही खाली काम होतं. ते आपल्याच उसाच्या मळीतून येतं. (हो, तीच दारू. परवाने मॅडमच्या नावावर आहेत. गल्लीत कुणी विचारलं तर 'हळदीचा कारखाना' एवढंच सांगा.) याला 'हिरवं' म्हणतात, पण ऊस किती पाणी पितो ते मी बाबांना काय सांगणार! आणि इथेनॉल पेटतंही. म्हणून मोटारी, दिवे सगळे फ्लेमप्रूफ आहेत, मी स्वतः बघितलेत.

पुढं कार्बन डायऑक्साइडचं यंत्र घ्यायचं मॅडमच्या मनात आहे. 31 अंश आणि हवेच्या साधारण 73 पट दाब, याच्यावर तो ना वायू राहतो ना द्रव. हळदीचं वासाचं तेल सुरेख काढतो आणि दाब सोडला की उडून जातो. कुरकुमीन मात्र त्याला एकट्याला जमत नाही, जोडीला थोडं इथेनॉल लागतंच. यंत्र फार महाग आहे, त्यामुळे सध्या नुसत्या गप्पा.

आता खोलीचं. सांगलीत येऊन वेगळी खोली, असं आईला वाटणार. वाटू दे, पण ऐक. बॅच रात्री उशिरापर्यंत चालते आणि हरिपूरच्या रस्त्यानं त्या वेळी स्कूटीवर यायचं तर तूच दारात जागत बसशील. खोलीत गीझर आहे, ऊन येतं, मेसच्या मावशी ज्वारीची भाकरी देतात (तुझ्यासारखी पातळ नाही). सुट्टीच्या दिवशी मी घरीच. तेव्हा केसांना माक्याचं तेल तूच लाव, मला नीट जमत नाही.

बाबा, गुडघ्यासाठी शेजारच्या काकांनी दिलेल्या हळदीच्या कॅप्सूल बंद करा. आजच. भाजीतली, दुधातली हळद खुशाल खा. कॅप्सूलमधला अर्क फार तीव्र असतो, त्यात वर मिऱ्याचं पिपेरीन घालतात. त्यानं कुरकुमीन अंगात कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि इतर औषधांचं गणितही बिघडू शकतं. स्टेंटनंतर तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. डबी डॉक्टरांना दाखवा, त्यांनी हो म्हटलं तरच घ्या. माझ्याच धंद्याचा माल आहे, म्हणून तर सांगतेय.

आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या इशाऱ्याला लागायची वाट बघायची नाही. 35 झाले की कुपवाडला निघायचं. 2019 ला 'अजून बघू' म्हणत बसलात तसं नको. इकडं पाणी येत नाही आणि खोली तिघांना पुरते. बाबांची फाईल आणि गोळ्या आत्ताच एका पिशवीत भरून ठेवा, आणि म्हशीचं काय करायचं ते दादाशी बोलून मला कळवा.

तुमची,
चिमी