भरतीची वेळ

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू निघालीस तेव्हा मी दारात आलो नाही, ते मनाला लागून राहिलंय. रविवारी किनाऱ्यावर सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडलो, ते चुकलंच. पण तू चिखलात पालथी पडून कॅमेऱ्याला डोळा लावला होतास आणि तुझ्या पाठीमागचा ओहळ भरत चालला होता. भरती नेहमी समोरून येत नाही गं, आधी ती मागच्या खाचांतून शिरते. मामाचं तुला माहीत आहे.

असो. भरतीबद्दल आता लिहिणार नाही.

फोटो पाहिले. तो तुतवार! चोचीच्या टोकाला लोंबणारा चिखलाचा थेंब, बुबुळात सकाळच्या उन्हाचा ठिपका. मी इतकी वर्षं दुर्बीण घेऊन हिंडलो, पण उभ्यानं. पक्ष्याच्या उंचीला उतरावं, हे मला कधी सुचलं नाही. आईनं तो फोटो ताईआजीला तीनदा दाखवला.

तू सात वर्षांची होतीस. अशीच थंडी होती. लाटेच्या काठाकाठानं तुरुतुरु पळणाऱ्या सँडरलिंगांच्या मागे तू धावलीस आणि अख्खा थवा उडाला. मी तुला वाळूत बसवून सांगितलं होतं, हे फार लांबून आलेत, परतीच्या वाटेसाठी त्यांना अंगावर चरबी साठवायची असते, उडवलं की त्यांच्या तोंडचा घास जातो. तू रडलीस. रविवारी एका चिखल्या पक्ष्यानं नुसती मान वर केली, तर तू कोपरं टेकून जागच्या जागी थांबलीस, तो पुन्हा खायला लागेपर्यंत. मला किती बरं वाटलं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ओरडलो.

त्या गॉडविटबद्दल तू सांगितलंस ना, २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडालेलं, जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू. तू अंतर सांगत होतीस. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की त्यांच्यात मोठे पक्षी आधी निघून जातात आणि पिल्लं मागाहून आपली आपण निघतात.

आता महिनाभर तू तिकडे पक्ष्यांच्या मोजणीला एकटी. दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज धरू नकोस, रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला पाणी सगळ्यात वेगानं चढतं. नेमके तेव्हाच पक्षी आपणहून तुझ्याकडे सरकतात, फोटो चांगले मिळतात, उठवत नाही. तेव्हाच ऊठ.

पुन्हा तेच लिहिलं. माफ कर. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

लेन्सवर खारा वारा बसला असेल, आधी ओलसर फडक्यानं टिप, कोरडं घासू नकोस. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मामाची शिट्टी ठेवली आहे, ती काढू नकोस.

तिकडची उद्याची भरती मी पाहून ठेवली आहे, सकाळी ९ वाजून १० मिनिटं. चिखलातून बाहेर आलीस की फोन कर.

तुझा,
बाबा