बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

सानपाडा, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मी निवृत्त झाले तेव्हा तुम्ही विचारले होते की इतकी वर्षे प्रयोगशाळेत तू नेमका कशाचा शोध घेत होतीस. मी तेव्हा थोडक्यात उत्तर दिले, कारण पूर्ण उत्तरात तुमच्या पहिल्या बाळाचा, म्हणजे माझ्या दादाचा, उल्लेख येतो, आणि आईसमोर तो विषय काढण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. आता मात्र तो काढणे आवश्यक आहे.

ठाण्याहून लोकलने मुंबईच्या विज्ञान संस्थेत मी जाऊ लागले, तेव्हा कमलाबाई सोहोनी यांनी जेथे जीवरसायनशास्त्र शिकवले तेथे आपली मुलगी शिकते, याचा तुम्हाला किती अभिमान होता! पुढे मी चयापचयाचे आनुवंशिक आजार निवडले. त्या निवडीचे कारण दादा होता, हे मी घरी कधी बोलले नाही.

आपण खाल्लेल्या अन्नाचे शरीरात पायरीपायरीने रूपांतर होते, तेच चयापचय, आणि प्रत्येक पायरीवर एक ठरावीक एन्झाइम, म्हणजे ती क्रिया घडवून आणणारे प्रथिन, काम करते. ते एन्झाइम घडवणाऱ्या जनुकात बिघाड असला की ती पायरी अडते. तिच्या आधीचा पदार्थ साचतो किंवा पुढचा मिळत नाही. आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी अल्कॅप्टोन्युरिया या आजाराचा अभ्यास केला, ज्यात हवेत राहिलेली लघवी काळी पडते. या रुग्णांपैकी अनेकांचे आई-वडील सख्ख्या भावंडांची मुले आहेत, हे त्यांनी १९०२ मध्येच नोंदवले. आई ही बाबांच्या सख्ख्या मामांची मुलगी, त्यामुळे ते वाक्य प्रथम वाचले तेव्हा मला पुढे वाचवेना.

आई, तू सांगितले होतेस की दादा जन्मला तेव्हा अगदी सुदृढ होता, दोन दिवस अंगावर नीट प्यायला, मग दूध ओढेनासा झाला, ग्लानीत गेला आणि त्याला झटके आले. प्रथिनांपासून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते; हे चक्र क्रेब्ज आणि हेन्सेलाइट या शास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये उलगडले. त्यातले एखादे एन्झाइम नसले तर अमोनिया रक्तात वाढतो आणि मेंदूला इजा होते. पोटात असताना मात्र बाळाला काहीच जाणवत नाही, कारण वारेतून त्याचा अमोनिया आईच्या रक्तात जातो आणि आईचे यकृत त्याचा निचरा करते. दादाला हाच आजार होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही, कारण त्याच्या रक्ताचा थेंबही कोणी जपून ठेवला नव्हता. पण जन्मतः सुदृढ आणि दोन-तीन दिवसांत ग्लानी, हा क्रम अशाच आजारांचा असतो. तसे असेल तर तू त्याला नऊ महिने सांभाळलेस ते या अर्थानेही. तुझ्या दुधात दोष होता, असे तुला घरात ऐकवले गेले. ते खोटे होते. प्रथिने कोणत्याही दुधात असतात, आणि मूल उपाशी राहिले तरी शरीरातलीच प्रथिने मोडून अमोनिया तयार होतो.

यातले बहुतेक आजार आई आणि वडील दोघांकडून बिघडलेले जनुक आले तरच होतात आणि दोघांकडेही असे एकेक जनुक असले तर प्रत्येक अपत्याला चारात एक एवढी शक्यता असते. मात्र युरियाच्या चक्रातला सर्वाधिक आढळणारा आजार आईकडून मुलग्याकडे येतो, आणि कधी कधी तो बिघाड बाळातच नव्याने उद्भवतो. हे मी लपवत नाही, कारण तुमच्या नातीला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे आणि हा बिघाड माझ्याकडून तिच्याकडेही आलेला असू शकतो.

आता मात्र उपाय आहेत. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर आजार ओळखण्याची पद्धत आणली. माझ्या नोकरीची अनेक वर्षे अशाच कागदांवरचे थेंब तपासण्यात गेली. अमोनिया वेळेवर मोजला तर प्रथिने थांबवून सलाईनमधून साखर देता येते, अमोनिया कमी करणारे सोडियम बेंझोएट हे औषध देता येते, गरज पडल्यास डायलिसिस करता येते. ज्या घरात असे मूल आधी गेले आहे, तेथे डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवायचे असते. त्यासाठी त्यांना ते आधी ठाऊक हवे.

म्हणून आई, दादा कितव्या दिवशी दूध घेईनासा झाला, श्वास जलद होता का, उलट्या होत्या का, आणि तुझ्या माहेरी असे आणखी एखादे बाळ, विशेषतः मुलगा, गेला होता का, हे मला हवे आहे. बाबा, तुम्हाला त्या वेळच्या डॉक्टरांचे बोलणे आठवत असेल तर तेही सांगा. मी रविवारी सकाळी नौपाड्याला येते. सगळे लिहून घेईन आणि सोमवारी तिच्या डॉक्टरांकडे पोहोचवीन.

तुमची लेक