दहा हजार दिले नाहीत, त्याबद्दल

इचलकरंजीचे काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. पोकरच्या टेबलावर सगळे तुम्हाला काकाच म्हणत होते, डीलर पोरंसुद्धा. नंबर मागितला तेव्हा म्हणालात, "नंबर दिला की तू विचारणार, काका परत कधी येताय. नको." म्हणून हे उघडं पत्र. तुम्ही स्वतः वाचाल असं वाटत नाही, पण एखाद्या पुतण्याच्या किंवा भाच्याच्या नजरेला पडेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल, एवढीच आशा.

खूण सांगतो. गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा नोव्हेंबर. पणजीत मांडवीतली एक कॅसिनोची बोट, १००-२०० चं टेबल, म्हणजे प्रत्येक डावाला सक्तीच्या बोली १०० आणि २०० रुपयांच्या. तुमच्या डाव्या हाताला तिसऱ्या खुर्चीवर आकाशी रंगाचा, बाह्यांना कडक इस्त्री असलेला शर्ट घालून एकजण बसला होता. तो मी.

त्या शर्टाचं आधी सांगतो, कारण तुम्हीही त्याच्यावरूनच सुरुवात केलीत. इस्त्री बायकोनं केली होती. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंटरव्ह्यू आहे असं मी तिला सांगितलं होतं. जूनमध्ये हिंजवडीतली नोकरी गेली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला आठ वर्षांचा अनुभव, आणि एका सकाळी पंधरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये सगळं आटोपलं. फुल अँड फायनलचे पैसे आले, त्यातून वाकडच्या फ्लॅटचं भाडं १९,०००, गाडीचा हप्ता ११,४००, किराणा, मुलीची शाळा. मी रोज पोर्टलवर वीस-पंचवीस ठिकाणी अर्ज टाकायचो. फोन यायचे, "नोटीस पीरियड किती?" विचारायचे, मी "इमिजिएट जॉइनर" म्हणायचो आणि पलीकडचा आवाज जरा बदलायचा. का रिकामा आहे, हा प्रश्न त्या आवाजात ऐकू यायचा. निदान मला तरी.

पोकर मी मोबाईलवर दोन वर्षं खेळत होतो, अगदी छोट्या टेबलांवर, आणि दोन वर्षांत साठेक हजार वर होतो. हा आकडा माझ्या डोक्यात फार मोठा झाला होता. कायद्याची माहितीही मी गोळा करून ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, कर्नाटक उच्च न्यायालय २०१३ मध्ये पोकरच्या बाजूने बोललं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नेमकं उलटं सांगून पोकरला जुगार ठरवलं, पण ते मी बायकोला कधी सांगितलं नाही. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायची अॅप्स एका आठवड्यात बंद पडली. शहाण्या माणसाला ही सुटका वाटली असती. मी पणजीची स्लीपर बस बघायला लागलो. आपल्या महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. तेव्हा आंबोलीचा घाट उतरण्यावाचून पर्याय नव्हता, असं मी स्वतःला पटवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या खेपेला ३१,००० जिंकलो. ते जिंकलो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं. ऑक्टोबरात ३८,००० गेले. नोव्हेंबरात ४०,००० घेऊन आलो, आणि खात्यात मागे जवळजवळ काही उरलं नव्हतं. लॉजवरून धक्क्यापर्यंत ज्या पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून आलो, त्याला उगाच विचारलं, तू जातोस का रे आत? तो हसला. "आमकां भितर सोडिनात. बरेंच जालें." १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत बंदी आहे. दारावर माझं आधार बघितलं, पत्ता पुण्याचा, म्हणून मला सोडलं.

आता तो हात, म्हणजे पत्त्यांचा तो डाव. तुम्हाला आठवतो का माहीत नाही, मला रोज आठवतो. माझ्याकडे दोन राण्या, बदाम आणि चौकट. टेबलावर सगळ्यांची सामाईक पानं: किलवर गुलाम, इस्पिक सत्ती, चौकट दुर्री. माझे ६,००० आत गेले होते. चौथं पान इस्पिक छक्की. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि माझ्यापुढे उरलेल्या सगळ्या १४,००० एवढी बोली लावलीत. मी चिप्स मोजल्या. परत मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्या. आणि राण्या टाकल्या, म्हणजे डाव सोडला. तुम्ही काही न बोलता पानं उलटी केलीत: एक्का आणि पंजी, दोन्ही वेगवेगळ्या रंगाचे, इस्पिकचं एकही नाही. म्हणजे हातात काहीच नव्हतं. उरलेल्या ४४ पानांत फक्त तीन एक्के तुम्हाला वाचवणारे. शंभरातल्या ९३ वेळा तो हात माझा होता.

मला राग आला. तुमचा नाही, राण्यांचा आला असं म्हटलं तर हसाल. पाऊण तासात उरलेले १४,००० मी एका अर्धवट फ्लशवर (एकाच रंगाची पाच पानं) लावले. चार बदाम, पाचवा येण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के. आला नाही. दुसरे २०,००० रात्री तीनपर्यंत पुरले.

वरच्या डेकवर तुम्ही एकटेच उभे होतात. मी आलो आणि तुमच्याकडे दहा हजार मागितले. "काका, सकाळपर्यंत परत करतो." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते किती सराईतपणे तोंडातून आलं याची मला अजून भीती वाटते.

तुम्ही म्हणालात, "देत नाही." मग माझ्या शर्टाकडे बघून, "इंटरव्ह्यूचा शर्ट घालून पत्ते कुटायला आलायस व्हय? घरात काय सांगितलंस?" मी गप्प. "जेवलायस का?" जेवणाचा बुफे आत फुकट होता आणि मी संध्याकाळपासून एक घास खाल्ला नव्हता.

छोट्या बोटीनं धक्क्यावर आलो आणि नदीकाठच्या बाकावर बसलो. तुम्ही खिशातून डायरी काढलीत. रबर लावलेली, कव्हर फाटलेलं. अकरा वर्षांचं प्रत्येक बसणं त्यात होतं: तारीख, तास, आलेले, गेलेले. मला वाटलं होतं तुम्ही आमच्यासारख्यांना सोलूनच घरदार चालवता. तुम्ही शेवटचं पान दाखवलंत. बेरीज उणे ३,१२,०००. "मला खेळता येतं," तुम्ही म्हणालात, "तरी एवढे गेले. यंत्रमागाच्या स्पेअर पार्ट्सवर दोन पोरींची लग्नं झाली, दुकान मुलाच्या हातात दिलं, तेव्हा कुठं इथं यायला लागलो. कोण काशीला जातं, मी इथं येतो. खर्च म्हणून लिहितो. तू काय म्हणून लिहितोस?"

मी काहीच लिहीत नव्हतो.

मग तुम्ही एक कोरं पान फाडून हिशोब मांडलात. तासाला २५ हात. प्रत्येक हातातून बोटीचा रेक, म्हणजे कापून घेतलेला वाटा, सरासरी २०० धर. तासाला ५,००० टेबलावरून उठून जातात, कोण जिंको, कोण हरो. खेळणारे नऊ. "म्हणजे तुझ्या खुर्चीचं भाडं तासाला साडेपाचशे. पुण्यात किती भरतोस?" मी १९,००० म्हणालो. तुम्ही भागाकार केलात, महिन्याचे ७२० तास. "सव्वीस रुपये. त्यात बायको-पोरगी झोपतात." मी तीन खेपांत चाळीसेक तास बसलो होतो. २२,००० नुसतं खुर्चीचं भाडं. माझे एकूण ४७,००० गेले होते, बस आणि लॉज सोडून.

मी तरीही वाद घातला, आठवतं? म्हणालो, काका, लाँग रनमध्ये कौशल्यच जिंकतं. तुम्ही "बरोबर" म्हणालात, आणि मला वाटलं जिंकलो. मग विचारलंत, "लाँग रन म्हणजे किती हात?" मी म्हणालो, तीस हजार तरी. तुम्ही परत पेन्सिल उचललीत. एका रात्रीत दहा तास, २५० हात. तीस हजारांना १२० रात्री. महिन्याला एक खेप म्हणजे दहा वर्षं. "आणि तुझं भाडं पाच तारखेला." त्या टेबलावर बसायचं तर घरखर्चाला हात न लावता वीस ते तीस बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम, इथे २०,०००) बाजूला हवेत, म्हणजे चार ते सहा लाख, हे मला पाठ होतं. इतरांना मी ते सांगायचो. माझ्याकडे दोन होते. राण्या टाकल्यास तेव्हा तू माझी पानं ओळखायला बघत नव्हतास, घरभाडं मोजत होतास, असं तुम्ही म्हणालात. "तीनदा मोजलंस. तेव्हाच मला कळलं की कशावरही दाबलं तरी हा टाकणार."

काका, मला खूप जणांनी जुगार वाईट म्हणून सांगितलं आहे. त्यांना मी निकालांची यादी ऐकवायचो. तुम्ही माझं म्हणणं मान्य करून मला हरवलंत, म्हणून ते डोक्यात शिरलं.

उजाडल्यावर तुम्ही मला बेतीच्या फेरीबोटीत घातलंत. कामधंदा काही नव्हता. "चल, पायी माणसाला फुकट आहे," एवढंच कारण. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका, युनिफॉर्ममधला एक सिक्युरिटी गार्ड आणि आपण. मधल्या पाण्यात पोचल्यावर तुम्ही हनुवटीनंच दाखवलंत. रात्रभर जिथं बसलो होतो ती बोट मागच्या बाजूनं दिसत होती. दिवे विझलेले, रंगाला गंजाचे ओघळ, आणि एका होडीत वरून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या सोडत होते, मागोमाग चादरींची गाठोडी. एक पोरगा कठड्याला टेकून दात घासत होता. तुम्ही काही बोलला नाहीत. तीच फेरी धरून आपण परत आलो.

मार्केटजवळ पातळभाजी-पाव खाताना तुम्ही विचारलंत, "तुला कोण कोण ओळखतं?" मी पोर्टलचं सांगायला लागलो. "पोर्टल नको. माणसं सांग." जूनपासून मी एकाही जुन्या सहकाऱ्याला फोन केला नव्हता. लाज. तुम्ही त्याच फाडलेल्या पानाच्या मागे तीन नावं लिहायला लावलीत आणि नऊ वाजता समोर बसवून तीन फोन करायला लावलेत. पहिल्यानं उचलला नाही. दुसरी म्हणाली, अरे, मलाही काढलंय, ऑगस्टमध्ये. तिसरा माझा पहिला टीम लीड, आता चाकणला एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत सॉफ्टवेअर बघतो. त्यानं तेवढ्यात काही दिलं नाही, "सीव्ही पाठव" म्हणाला. दोन फेऱ्या, मग मधे महिनाभर शांतता, मग ऑफर. फेब्रुवारीत लागलो. पगार आधीपेक्षा बावीस टक्क्यांनी कमी आणि बस सकाळी साडेसहाला. पण लागलो.

चौथा फोन मात्र मी तुमच्यासमोर केला नाही. पुण्याला जाऊन समोरासमोर सांगितलं. बायको भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खातं दोघांच्या नावावर आहे. मला बँकेचे मेसेज येतात." म्हणजे सप्टेंबरपासून तिला माहीत होतं, आणि तरी ती शर्टाला इस्त्री करत होती. हे मला अजून नीट पेलत नाही, त्यामुळे याबद्दल एवढंच. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर तिनंच लावून दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिल्या वेळी मी दहा मिनिटं पोकर हा कौशल्याचा खेळ आहे हे त्या बाईंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. आता महिन्यातून एकदा बोलतो. पगार तिच्या खात्यात जातो, माझ्याकडे बस आणि चहाचे पैसे असतात. बरा झालो असं म्हणणार नाही. ऑफिसात कुणी टेबलावर नाणी एकावर एक रचली तरी माझी बोटं शिवशिवतात.

डायरी घेतली आहे. रबर लावलेली मिळाली नाही, स्पायरलची घेतली. पहिल्या पानावर ४७,००० लिहिलेत. "काय म्हणून लिहितोस" या तुमच्या प्रश्नासाठी रकाना ठेवला आहे, तो अजून कोरा आहे.

दहा हजार दिले असतेत तर मी सकाळपर्यंत ते घालवले असते आणि तुम्हाला टाळत तोंड लपवून फिरलो असतो. दिले नाहीत, त्याबद्दल आभार. भाजी-पाव आणि चहाचे पैसे तुम्ही दिलेत, त्याबद्दल वेगळे. आणि राण्यांच्या त्या हातातले माझे ६,००० तुम्ही परत देऊ केले नाहीत. त्या दिवशी मला ते जरा लागलं होतं. ते तुमच्या डायरीत जमेला असतील, उणे ३,१२,००० मधून तेवढे वजा झाले असतील. तिथंच असू देत.

तुमचा,
आकाशी शर्टवाला