मनू, तो व्हीलचेअरवाला फोटो काढून टाक

प्रिय मनू,

फोनवरच बोलले असते पण तू मध्येच "आई प्लीज" म्हणतेस आणि मग मला काय सांगायचं होतं तेच विसरते, म्हणून लिहितेय. ऑफिसात नको वाचूस, लोकलमध्ये सीट मिळाली की वाच.

तू जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला हाफ पळणार आणि त्यातून एमएससाठी, म्हणजे माझ्या या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आजारासाठी, पैसे जमवणार हे कळल्यावर मी बाबांना दोनदा विचारलं, नक्की आपलीच मनू ना? पीटीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून चिठ्ठ्या मीच लिहून द्यायचे तुला. 21 किलोमीटर म्हणजे काय गंमत आहे का गं. आनंद झालाच, शेजारच्यांना सांगूनही आले. पण काल मावशीने तुझ्या डोनेशनची लिंक पाठवली आणि त्यावर माझा व्हीलचेअरवरचा फोटो बघून डोकंच फिरलं.

अगं त्या खुर्चीत मी आयुष्यात एकदाच बसलेय, एअरपोर्टला, गेट लांब होतं म्हणून, जेमतेम वीस मिनिटं, आणि तू सामोसा खात खात फोटो काढलास. खुर्चीची लाज नाही मला, उद्या लागली तर बसेन. पण खाली "आजाराशी झुंजणारी माझी आई" लिहिलंयस आणि आता सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये माझ्या हातातली पिशवी घ्यायला लागल्यात. झुंज कसली डोंबलाची! सकाळी भाजी चिरते, क्लासच्या वह्या तपासते, दुपारी दोननंतर बॅटरी उतरली की आडवी होते. आंघोळीचं पाणी जास्त कढत झालं तर डावा डोळा तासभर धुरकटतो, म्हणून कोमट घेते. एवढंच आहे रोजचं.

2011 ला तू चौथीत होतीस, तुला काय आठवणार. त्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं आणि लाल रंग उडाल्यासारखा, देवघरातलं कुंकू एका डोळ्याने लालभडक आणि दुसऱ्याने विटकं. चष्म्याचा नंबर बदलून मिळाला, महिन्याभरात आपोआप बरंही वाटलं, मग कोण कशाला लक्ष देतंय. पुढे सहा महिन्यांनी दादरच्या पुलावर पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि मला पत्ताच नाही, तळवा बधिर, मागून एक मुलगी ओरडली "काकू चप्पल!" तेव्हा कळलं. मग एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणं, सगळं झालं. डॉक्टर म्हणाले आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते, वायरवरचं प्लास्टिक सोललं की करंट कसा नीट जात नाही, तसं. बायकांना हे पुरुषांच्या दुपटीने होतं, तेही बहुतेक विशी ते चाळिशीत. आत्या मात्र अजून म्हणते उपासांनी झालं.

पण मनू, माझी इंजेक्शनं बाबांच्या पगारातून आली. फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी कायम पडलेली असायची. आमच्या फिजिओच्या ग्रुपला एक मुलगी येते, तुझ्याच वयाची, तिने पैशांपायी औषधात तीन महिने गॅप पाडला आणि एमएसचा अटॅक आला, आता भिंत धरून चालते. सासरी सांगितलेलं नाही, बी-12 कमी आहे म्हणून सांगते. 2016 च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आलं ते चांगलंच झालं, पण सवलतींना 40 टक्के दिव्यांगत्व लागतं आणि थकवा कुठे मोजून दाखवणार? पैसे हवेत ते असल्या मुलींना, औषधाला, फिजिओला, रिक्षाभाड्यालासुद्धा. एमएस सोसायटी 1985 पासून हेच करतेय, तर ते लिही ना. त्या मुलीचं नाव-गाव अजिबात नको हं.

आणि सुधाकाकूंनी 501 दिलेत, त्यांना 80जी ची पावती पाठव, सकाळपासून दोन फोन झाले त्यांचे.

बाकी पेडर रोडचा चढ हाफवाल्यांना निम्म्याहून जास्त पळून झाल्यावर येतो आणि तिथेच भलेभले चालायला लागतात म्हणे, तेव्हा सी लिंकवर फोटो काढत उड्या मारू नकोस. एरवी तिथे पायी सोडत नाहीत, मला माहितीये तू थांबणारच. मी मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर बसेन, बाबा म्हणतात फिनिशला जाऊ, पण तिथली गर्दी मला झेपणार नाही आणि बाथरूम जवळ लागतं. पिवळी ओढणी घेते म्हणजे लांबून दिसेन. मिठी मारायला थांबू नकोस, घामट असशील.

फोटो हवाच असेल तर गणपतीतला टाक, मोदकाच्या पिठाने हात भरलेत आणि मी तुझ्यावर ओरडतेय तो. मजकूर नवीन लिहिलास की आधी मला पाठव. "झुंज" मधला झु तू दीर्घ लिहिला होतास.

आई