चहा टाकू का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

पाच महिन्यांत ना पत्र, ना फोन. कारणं देत नाही, दिली तरी तू मानणार नाहीस. इकडे सगळे बरे. माझी कंबर होती तशीच, आईचं बीपी गोळीवर.

लिहायला बसलो ते कालच्या शनिवारमुळे. आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, तोच गोष्ट रचत फाशांनी खेळायचा खेळ) डाव अजून चालतो, डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच. भाचा ओजस फायटर, म्हणजे तलवारवाला, वरच्या मजल्यावरची जुई विझर्ड, म्हणजे मंत्रवाली, दोघं पाचव्या लेव्हलला. काल गुहेच्या तोंडाशी नऊ गॉब्लिन, ते छोटे राक्षस. ओजस आठवडाभर बेत करत होता की तोंड मी एकटा अडवणार. इनिशिएटिव्हच्या फाशात जुईची पाळी आधी आली. फायरबॉल, आगीचा गोळा. तिनं आठ फासे, सहा आपले नि दोन लुडोच्या डब्यातले, आमटीच्या वाटीत खुळखुळवून उलटे केले. एकतीस! सेव्ह लागून निम्म्यावर सुटलेल्यांनाही पंधरा, आणि गॉब्लिनचा जीव सात. संपलं. ओजसचे दोन्ही वार बसले असते तरी दोनच मेले असते.

मग ओजसनं फासे पिशवीत भरले आणि म्हणाला, "मामा, चहा टाकू का?" स्वतःची ताटली न उचलणारा मुलगा!

तू आता हसतोयस, मला माहीत आहे. हॉस्टेलवर तूही "चहा सांगून येतो" म्हणून उठलास आणि पुन्हा कधी डावाला बसला नाहीस. डावातला तो पूल तू अडवणार होतास. मी मंत्रानं दोन खांबांमध्ये वेब, म्हणजे चिकट जाळं, टाकलं, ऑर्क राक्षस माश्यांसारखे चिकटले आणि तू चिकटलेल्यांना कापत बसलास. "ही लढाई नाही, भाजी चिरणं आहे," म्हणालास. मी तुला रडका म्हटलं होतं. वर त्या ड्रुइडचं (जंगलचा मांत्रिक) अस्वल तुझ्यापेक्षा बरं लढायचं, हेही मीच बोललो. (ते खरं होतं, पण बोलायचं नव्हतं.)

रात्री झोप आली नाही म्हणून पुस्तकं काढली. खेळाचा एक जनक गायगॅक्स, त्याच्या जुन्या नियमांत विझर्डला जीव चार बाजूंच्या फाशाचा, पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र, आणि मंत्र म्हणताना वार बसला की तोही वाया. म्हणजे फायटर पुढे उभा म्हणून विझर्ड जगायचा. पुढे हे काटे एकेक करून काढले गेले. 2008 च्या चौथ्या आवृत्तीनं सगळ्यांनाच सारख्या घडणीच्या पॉवर्स, म्हणजे खास चाली, दिल्या. तुला ती आवडली आणि मी "हा तर बुद्धिबळाचा पट झाला" म्हणून भांडलो. तेही आता परत घ्यावं म्हणतो, निम्मं तरी.

खरी चूक माझीच निघाली. जुईकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे फायरबॉलसारखे मंत्र टाकायच्या संधी, दिवसाला दोनच. 2014 चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ लढाया धरून चालतं. आम्ही शनिवारी एक लढाई करतो आणि लगेच लाँग रेस्ट, म्हणजे खेळातली रात्रभराची झोप, की स्लॉट पुन्हा भरलेले! रोज पगार मिळाला तर कोण काटकसर करेल? तेव्हा ठरवलंय, पुढचे तीन शनिवार खेळात रात्र होऊच द्यायची नाही. ओजसला 2024 च्या पुस्तकातली वेपन मास्टरी, म्हणजे शस्त्राची खास करामत, हीही देतो, त्याच्या मोठ्या तलवारीला नेम चुकला तरी थोडं लागतं.

पण नुकसानीच्या बेरजेनं भागत नाही रे. लढाई नसते तेव्हा जुई उडते, कुलपं उघडते, वेश बदलते. ओजस दार ढकलतो. परवा विचारत होता, "मामा, मी लढाई सोडून काय करतो?" मी म्हटलं, "तू शूर आहेस." त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ना!

बाबांचा मोतीबिंदू झाला का? नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

तुझ्या डावातल्या बुटक्याचं शीट, त्याच्या आकड्यांचा कागद, माझ्याकडे आहे, वर चहाचा गोल डाग. ते काढून समोर ठेवलंय. त्या रात्री मी काय केलं असतं म्हणजे तू उठला नसतास, एवढं लिही. शनिवारच्या आत लिही, ओजसला अजून "चहा नको" म्हणालेलो नाही.

तुझा,
बाळ्या

ता.क. अस्वलाबद्दल माफी मागतो. वेबबद्दल नाही, ते छानच पडलं होतं.