फुकुओकाहून पत्र: पांढरा रस्सा, पण नारळाशिवाय

प्रिय आई, पप्पा,

मागच्या रविवारी पप्पांनी फोनवर विचारलं की नुसत्या नूडल्सचं एवढं काय कौतुक, आणि तेवढ्यात फोन कट झाला, ते डोक्यात राहिलं म्हणून आज बसून नीट लिहितोय. गेले तीन आठवडे इथं जपानात ऑफिस सुटलं की मी दर शुक्रवारी रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, खायला जातोय, दर वेळी नवीन ठिकाणी. इथं रस्त्याकडेला याताई लागतात, म्हणजे आपले गाडेच. संध्याकाळी आणून उभे करतात, आठ-दहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढाच बाक, थंडीत बाजूनं प्लास्टिकचा पडदा, आणि सकाळी बघाल तर फूटपाथ धुऊन मोकळा.

पप्पा, पहिल्यांदा वाडगं समोर आलं तेव्हा मला तुमचा पांढरा रस्साच आठवला. दुधासारखा पांढरा, पण नारळाचा थेंब नाही, खसखस नाही, काजू नाही. डुकराची हाडं आणि पाणी, बास. आई, हे सांगितलं तेव्हा तू फोनवर गप्प झालीस ते कळलं मला, पण इथला मुख्य रस्सा हाच, टोंकोत्सु म्हणतात, तुझ्यापासून लपवून काय करू.

पांढरा होतो तो आचेमुळं. हाडं मंद आचेवर शिजवली की रस्सा नितळ राहतो, आणि तीच मोठ्या आचेवर तासन्‌तास खळाखळा उकळत ठेवली की हाडातली चरबी आणि चिकटपणा पाण्यात फुटून असा मिसळतो की परत वेगळा होत नाही. मी बसलो होतो तिथून पातेलं हातभर लांब होतं, मालक मधूनच एक लांब दांडकं घालून तळापासून हाडं हलवत होता आणि गप्पा मारताना सुद्धा त्याची नजर पातेल्यावरच होती, अगदी तुमच्यासारखी.

पहिला शुक्रवार नागाहामाचा, फुकुओकातलाच एक भाग. तिथं मासळी बाजार आहे, त्या कामगारांना उभ्या उभ्या खाऊन पळायचं असायचं म्हणून नूडल्स एकदम बारीक, मिनिटाच्या आत शिजणाऱ्या. पण बारीक म्हणजे रश्शात लगेच मऊ पडतात, मी फोटो काढत बसलो आणि निम्म्या लगदा झाल्या, फार वाईट वाटलं. म्हणून इथं वाढताना कमीच वाढतात आणि संपल्या की 'काएदामा' म्हणायचं, मग गरम नूडल्सचा नवीन गोळा उरलेल्या रश्शात आणून टाकतात. आपल्याकडं मिसळीला आपण कट मागून घेतो ना, इथं बरोबर उलटं, रस्सा जपून ठेवायचा आणि नूडल्स मागायच्या. किती कडक पाहिजेत ते पण सांगायचं, 'काता' म्हणजे कडक, 'बारीकाता' म्हणजे अजून कडक. मी आता बारीकाताच घेतो. वरून तीळ आणि लाल आल्याचं लोणचं, ते मात्र शेवटी घालायचं, आधी घातलं तर रश्शाची मूळ चव कळतच नाही.

दुसऱ्या शुक्रवारी गेलो त्या गाड्यावर लाइटिंग भारी, गर्दी पण लई, आणि रस्सा पाणचट. वर मीठ जास्त मारलेलं. काएदामा न घेताच उठलो, पैसे गेल्यापेक्षा शुक्रवार गेल्याचं वाईट वाटलं.

आणि तिसऱ्या वेळी शुक्रवारऐवजी शनिवारी कुरुमे गावाला गेलो, फुकुओकातल्या तेनजिन स्टेशनहून ट्रेननं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ऑफिसमधला एक जण तिथला, तो म्हणाला हाकाताचं, म्हणजे फुकुओकातलं, खाऊन मत बनवू नकोस, टोंकोत्सुचं गाव आमचं. खरंच आहे ते, 1937 साली कुरुमेत एका याताईवर हे सुरू झालं. पण तेव्हा रस्सा असा पांढरा नव्हता. 1947 ची गोष्ट सांगतात, दुसऱ्या एका गाड्याचा मालक पातेलं आईवर सोपवून बाहेर गेला, परत येईपर्यंत आच जास्त होऊन रस्सा उकळून उकळून पांढरा झालेला. टाकून द्यायच्या आधी चव घेतली तर आधीपेक्षा भारी! आई, ही गोष्ट ऐकताना मला तूच डोळ्यासमोर आलीस.

कुरुमेत बऱ्याच ठिकाणी पातेलं रिकामं करत नाहीत, जुन्या रश्शातच नवीन हाडांचा रस्सा घालत राहतात. त्यामुळं वास उग्र, दारातच जाणवतो, नूडल्स पण जरा जाड, आणि पहिला घोट घेतला की ओठ एकमेकाला चिकटतात. मला विचाराल तर रोज खायला नागाहामाचं, हलकं आहे, पण रस्सा म्हणून कुरुमेचाच. तो पिताना मी दहा मिनिटं कुणाशी बोललो नाही, वाडगं उचलून तळापर्यंत प्यायलो.

पप्पा, एक काम करा ना माझ्यासाठी. तुम्ही आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नेहमी बारीक गॅसवर करता. या रविवारी मटणातली थोडी हाडं बाजूला काढा, नळ्या जास्त घ्या, आणि मोठ्या गॅसवर पाच-सहा तास उकळू द्या, पाणी आटेल तसं गरम पाणी घालत राहा. नारळ अजिबात घालू नका. रंग कसा येतो त्याचा फोटो पाठवा, आणि आईला आधी चव घ्यायला सांगा, मटणाचंच आहे.

आजीला नमस्कार. दिवाळीत येतोय, तिकीट झालंय.

तुमचा,
बाळू