चित्रातलं तीन पायांचं स्टूल

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

सोबत माझ्या संयुगाच्या एका रेणूचं चित्र पाठवते आहे. बाबा, "हे नक्की कशावरचं औषध?" या तुमच्या प्रश्नाला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

मधला मोठा अणू रुथेनियम या धातूचा. त्याच्या डोक्यावर सहा कार्बनचं सपाट कडं आहे, पॅरा-सायमीन नावाच्या रेणूचं, आणि सहाही कार्बनांनी धातूला धरलंय. खाली तीन पाय: दोन क्लोरीन, एक नायट्रोजन. कडं एकाच बाजूला, म्हणून हे अर्धं सँडविच; आकारावरून आम्ही त्याला पियानो स्टूल म्हणतो. धातूपासून कड्याच्या मध्यापर्यंत साधारण १.६६ अँगस्ट्रॉम, क्लोरीनपर्यंत २.४. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग.

हे मोजायला आधी स्फटिक लागतो, आणि खरा जीव तिथेच जातो. डायक्लोरोमिथेन या द्रावकातलं नारिंगी द्रावण छोट्या कुपीत घालायचं, ती कुपी ईथर असलेल्या मोठ्या बाटलीत उघडी ठेवायची आणि हात लावायचा नाही. ईथरची वाफ सावकाश आत उतरते, पदार्थ विरघळेनासा होतो आणि नशीब असेल तर काचेला खडे धरतात. नसेल तर नुसती भुकटी! चांगला खडा तेलाच्या थेंबात उचलून १०० केल्विनच्या (सुमारे उणे १७३ अंश सेल्सिअस) नायट्रोजनच्या झोतात धरायचा, म्हणजे अणूंची थरथर कमी होते. मग क्ष-किरण सोडायचे; ते खड्यातून कसे विखुरतात त्यावरून अणूंच्या जागा कळतात.

आई, उजवीकडच्या टोकाला दोन कार्बन दोनदा काढलेले दिसतील. ती छपाईची चूक नाही. कड्याला जोडलेला तो तीन कार्बनचा आयसोप्रोपिल गट काही रेणूंत एकीकडे वळलेला असतो, काहींत दुसरीकडे, आणि क्ष-किरणांना सगळ्यांची सरासरीच दिसते. दोन्ही जागा दाखवून कुठे किती वाटा, हे हिशेबाने ठरवावं लागतं. हायड्रोजन तर क्ष-किरणांना जेमतेमच दिसतात. ते बहुतेक गणिताने बसवलेले आहेत.

आता औषधाचं. रुथेनियमची नामी-ए आणि केपी१०१९ ही संयुगं कर्करोगासाठी माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली होती, पण ती वेगळ्या घडणीची. त्यांत हे कडं नाही. कड्याच्या संयुगांवरही कर्करोगासाठी बरंच संशोधन झालंय. माझ्या संयुगाचं मात्र एवढंच कळलंय की घन अवस्थेत ते असं दिसतं. अशी संयुगं पाण्यात गेली की बऱ्याचदा क्लोरीन सुटतो आणि त्याच्या जागी पाणी येऊन बसतं. म्हणजे पेशीपर्यंत जे पोचेल ते या चित्रातलं नसेलच कदाचित. मला स्वतःला त्याचा उत्प्रेरक म्हणून, म्हणजे दुसऱ्या रासायनिक क्रियांना वेग देणारा पदार्थ म्हणून, जास्त भरवसा वाटतो.

तेव्हा बाबा, "लेकीने कर्करोगावर औषध शोधलं" असं ज्यांना ज्यांना सांगितलं असेल, त्यांना आता तुम्हीच आवरा. चित्र मात्र खुशाल दाखवा, कडं वर ठेवून.

तुमची,
लेक